तिसऱ्या वळणावरची गाठ

त्या किनाऱ्यावर घर कोणी बांधत नसे. एकानं घर सोडायचं आणि दुसऱ्यानं ते धरायचं, एवढंच तिथल्यांना ठाऊक होतं.

तिथे राहणारे खेकडे अर्ध्या अंगानंच चिलखती होते. डोकं, डोळे, नांग्या सगळं टणक. पण मागचं अंग पिकल्या केळ्यासारखं मऊ. असलं अंग घेऊन उघड्यावर हिंडणं म्हणजे कुरव पक्ष्यांना जेवायचं आमंत्रण देणं. म्हणून जो तो कुठल्यातरी मेलेल्या गोगलगाईचा रिकामा शंख पाठीवर घेऊन राही. आता शंख काही वाढत नाही आणि खेकडा तर वाढतो. देवानं ही अडचण करून ठेवली होती, आणि तिच्यातून वाट काढायला खेकड्यांनी एक रीत घालून घेतली होती. तिला ते सरकण म्हणत.

समुद्रानं एखादा मोठा शंख आणून टाकला, की ज्याला तो पहिल्यांदा दिसे त्यानं त्याच्यापाशी नुसतं उभं राहायचं. तो आपल्या मापाचा असो वा नसो, एकट्यानं बळकवायचा नाही. हळूहळू बाकीचे गोळा होत आणि मोठ्यापासून लहानापर्यंत रांग लागे. प्रत्येकाची एक नांगी पुढच्याच्या शंखावर टेकलेली. मग रांगेचा म्होरक्या ओरडे, "सरका." त्यासरशी सगळे आपापल्या घरातून बाहेर. सगळ्यात मोठा नव्या शंखात जाई, दुसरा पहिल्यानं सोडलेल्या शंखात, तिसरा दुसऱ्याच्या, असं करत पार शेपटापर्यंत. डोळ्याचं पातं लवतंय तोवर सगळं उरकलेलं असे. समुद्राकडून एक शंख यायचा आणि सतरा घरं हलायची.

घर पाहायचीही एक पद्धत होती. नांगी उघडून शंखाचं तोंड मापायचं, झालं. आतली खोली कोणी मापत नसे. मापायची गरजच नव्हती. आधी जो राहत होता तो डोळ्यांदेखत त्यातून बाहेर पडलेला असे. तो मावत होता म्हणजे आपणही मावणार. पिढ्यानपिढ्या असंच चाललं होतं आणि कधी कोणी फसलं नव्हतं.

या रांगेत पोवळीची जागा पाचवी. तिचा शंख तपकिरी, बसका, चारचौघांसारखा. त्याच्या आत तिसऱ्या वळणावर, डाव्या अंगाला, एक खरबरीत गाठ होती. कधीकाळी वाळूचा खडा अडकून तिथेच मुरला असावा. पोवळी आत शिरली की तिचं शेपूट नेमकं त्या गाठीवर टेके. सुरुवातीला ते बोचलं, मग सवय झाली, आणि पुढेपुढे तर गाठ लागल्याशिवाय घरी आल्यासारखंच वाटेना.

रांगेचा म्होरक्या भिवातात्या. किनाऱ्यावरचा सगळ्यात मोठा आणि सगळ्यात म्हातारा खेकडा. तो एकदा पोवळीला म्हणाला होता, "त्या गाठीला जप हो पोरी. माझं तरुणपण त्या घरात गेलंय. मलाही ती बोचायची."

पोवळीच्या मागे गोजरी उभी राही. गोजरी तिच्याहून थोडी लहान आणि तोंडानं भारी. दोघी रांगेत मागेपुढे उभ्या राहूनच वाढलेल्या. वर्षानुवर्षं गोजरीची नांगी पोवळीच्या शंखावर टेकून टेकून तिथे एक गुळगुळीत डाग पडला होता. पोवळी पुढे सरकली की तो शंख गोजरीचा, हे न बोलता ठरलेलं होतं. कधीकधी गोजरी त्या डागावर टिचकी मारून म्हणे, "माझं घर नीट वापर गं बाई." आणि दोघी हसत.

मग समुद्रानं हात आखडता घेतला. उधाणं यायची, फेस आणि कुजकं शेवाळ टाकून जायची, शंख मात्र येईना. एक वर्ष गेलं, दुसरं गेलं. रांग लागायची ती नुसती लागायची आणि पाणी चढलं की मोडायची. खेकडे वाढतच होते. कोणाची नांगी आत मावेना, कोणाची पाठ सोलवटली. आणि नेमकं त्याच सुमाराला पोवळीच्या पोटाशी पहिल्यांदा अंडी धरली.

खेकड्याच्या बाईनं अंडी पोटाशी चिकटवून घ्यायची, शंखाच्या ओलाव्यात सांभाळायची आणि पुनवेच्या उधाणात पाण्यावर सोडायची. ऊन लागलं तर ती सुकतात, दाबली गेली तर फुटतात. तपकिरी शंखात पोवळी एकटीच कशीबशी मावत होती. आत शिरावं तर अंडी दबायची, बाहेर राहावं तर ऊन. तिला मोठं घर हवं होतं ते काही मिरवायला नव्हे. तिचा जीव त्या चिमूटभर दाण्यांत अडकला होता.

अशा वेळी किनाऱ्यालगतच्या खडकांवर, खडपावर, म्हाकूळशेठ आला.

पुष्कळ हातांचा, मोठ्या डोळ्यांचा, आणि समोर कोण आहे ते बघून रंग बदलणारा. म्हाताऱ्यांत बसला की तो पांढराफटक, गंभीर दिसे. तरुणांत आला की गुलाबी. त्याच्या आज्यापणज्यांनी किनाऱ्यावरचे कितीक खेकडे खाल्ले होते. पण हा खात नव्हता, बोलत होता. आणि बोलणं असं गोड, की मागचं उकरून काढणाराच वाईट ठरावा.

"किती दिवस तुम्ही दुसऱ्यांच्या उष्ट्या घरांत राहणार?" तो म्हणाला.

खेकड्यांनी एकमेकांकडे पाहिलं. आपली घरं उष्टी आहेत हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

म्हाकूळशेठनं खडपाच्या उंच टोकावर एक शंख आणून ठेवला. दुधासारखा पांढरा, आणि तोंडाची कड उमलत्या कमळासारखी गुलाबी. "नमुना आहे," तो म्हणाला. "प्रत्येकाला असाच मिळणार. कोराकरकरीत. आत कोणी राहून गेलेलं नाही. या, मापून बघा."

सगळ्यांनी एकामागून एक वर चढून तोंड मापलं. पोवळीनंही मापलं. तिची नांगी पूर्ण उघडली तरी दोन्ही कडांना एकदम लागेना. अंड्यांसकट आत शिरून, अंग पसरून पडलेली ती स्वतःला दिसू लागली. गोजरी तर खाली उतरायलाच तयार नव्हती. मागच्यानं ढकललं तेव्हा उतरली.

योजना सोपी होती. जुने शंख सगळ्यांनी जमा करायचे. ते कुटून त्यांचा चुना होणार, चुन्यातून नवे शंख. दोन पुनवांत काम पुरं. तोवर राहायला प्रत्येकाला नारळाच्या करवंटीचा एकेक तुकडा. नव्या घराची खूण म्हणून एकेक शिंपली, तिच्यावर ओरखड्यांनी काढलेला आकडा. आणि घर हाती येईपर्यंत रोज वेचलेल्या शेवाळातलं निम्मं म्हाकूळशेठच्या खडपावर पोचवायचं. एवढ्या मोठ्या घरासाठी निम्मं शेवाळ म्हणजे काहीच नाही, असं सगळ्यांना वाटलं.

फक्त सगळ्यांची संमती हवी होती. सगळ्यांची मिळाली, भिवातात्या सोडून.

तात्याची समजूत घालायला पोवळीला पाठवलं, कारण ती त्याची लाडकी. तात्या आपल्या काळ्याभोर, जाडजूड शंखात ओहोटीच्या रेषेवर बसला होता. पोवळीनं सगळं सांगितलं. तात्यानं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

"त्यात कोणी राहून गेलंय का?"

पोवळीला हसू आलं. "तात्या, नवा आहे तो. नव्यात कोण राहून जाणार?"

"तेच म्हणतो मी. मग मावतं हे कोणी सांगितलं?"

"मी स्वतः तोंड मापलंय."

"तोंड सगळ्यांचंच मोठं असतं पोरी," तात्या म्हणाला. "समुद्रानं दिलेल्या शंखातही आधी गोगलगाय नांदलेली असते. मी माझं घर देईन, नाही म्हणत नाही. पण कोणाच्या अंगावर देईन. कुटायला नाही देणार."

पोवळीला राग आला. पोटाशी अंडी दबत होती, पुनव जवळ येत होती, आणि हा म्हातारा रीत धरून बसला होता. ती बोलून गेली, "तुमचं काय तात्या, तुमचं सगळं होऊन गेलं. आमचं अजून व्हायचंय. तुमच्या एकट्यापायी सगळा किनारा अडलाय."

तात्यानं आपला शंख उचलला आणि चार पावलं बाजूला जाऊन बसला, कोणाच्या वाटेत नको म्हणून. पोवळी परत फिरली. आपण फार लागेल असं बोललो हे तिला वाटेतच कळलं होतं, पण माघारी जायला तिचे पाय वळले नाहीत.

म्हाकूळशेठनं मोठं मन दाखवलं. "एकाचा शंख नसला तरी जमवून घेऊ," तो म्हणाला. "पण उद्या काम रेंगाळलं, तर मला विचारू नका. त्यांना विचारा." त्या दिवसापासून तात्याशी बोलणं बंद झालं. रांगेचा म्होरक्या रांगेबाहेर गेला. तसंही रांग आता लागणार नव्हतीच.

दुसऱ्या ओहोटीला सगळ्यांनी शंख उतरवले. पोवळी आपल्या तपकिरी शंखातून निघाली तेव्हा शेपटाला ती गाठ शेवटची लागली. गोजरीनं त्या गुळगुळीत डागावर सवयीनं टिचकी मारली आणि म्हणाली, "सुटलीस बाई एकदाची. आणि मीही सुटले. तुझं उष्टं घर आता नको मला." ती गमतीनंच म्हणाली होती. पोवळीही हसली.

करवंटीचा तुकडा म्हणजे काय, ते राहिल्यावरच कळतं. पाठ झाकली तर कूस उघडी, कूस झाकली तर पाठ. वाऱ्यानं उलटते, लाटेनं तरंगते. पोवळी दिवसभर सावली शोधत सरपटायची आणि दर घटकेला ओल्या वाळूत पोट टेकवायची. तरी पुनवेच्या आधी तीन दिवस कडक ऊन पडलं आणि अंडी सुकली. तिनं उधाणाच्या पाण्यात जाऊन, रीतीप्रमाणे, ती सोडली. जिवंत अंडी पाण्यात पडताच फुटतात आणि त्यांतून डोळे घेऊन पिलं निघतात. ही नुसती वाळूच्या कणांसारखी तळाला गेली. पोवळी लाट ओसरेपर्यंत तिथेच उभी राहिली. त्या दिवसाचं निम्मं शेवाळ तिनं संध्याकाळी खडपावर नेऊन पोचवलं.

दोन पुनवा झाल्या. मग तिसरी, चौथी. म्हाकूळशेठकडे दर वेळी नवं कारण असे. कधी चुना मुरत नव्हता, कधी भरतीची मंजुरी अडली होती, कधी ओहोटीचा दाखला यायचा होता. एकदा तर तो म्हणाला की वाळू मिळत नाही. किनाऱ्यावर उभं राहून, चारी दिशांना वाळू पसरलेली असताना, खेकड्यांनी ते ऐकून घेतलं आणि माना डोलावल्या. माणूस एकदा घराच्या वायद्यात अडकला की त्याला काहीही पटतं, आणि खेकड्याचं त्याहून निराळं नसतं. काही जण कुरवांनी उचलून नेले. राहिलेले आपापली शिंपली नांगीत घट्ट धरून होते. रात्री झोपताना तिच्यावरचे ओरखडे चाचपून बघायचे. आणि सगळ्यांचा राग निघायचा तो तात्यावर. त्यानं शंख दिला असता तर एव्हाना झालं असतं, असं सगळे म्हणत. पोवळीही एकदा म्हणाली.

नववी पुनव आठ दिवसांवर आली तेव्हा ताबा मिळाला.

तोवर पोवळीच्या पोटाशी पुन्हा अंडी धरली होती. या खेपेला तिनं ती करवंटीत सांभाळली होती, ती कशी, ते तिचं तिलाच ठाऊक. चार दिवस खडपाच्या भेगेत बसून काढले होते, उपाशी.

सकाळची ओहोटी होती. वाळूवर एका ओळीत पांढरे शंख मांडलेले, गुलाबी तोंडं समुद्राकडे. अख्खा किनारा लखलखत होता. म्हातारे खेकडे रडले. म्हाकूळशेठ त्या दिवशी सोनेरी झाला होता. त्यानं प्रत्येकाची शिंपली परत घेतली, प्रत्येकाचं अभिनंदन केलं, आणि पलीकडच्या किनाऱ्यावर फार लोक वाट बघताहेत म्हणून नमुन्याचा शंख बगलेत मारून दुपारच्या पाण्याबरोबर निघून गेला.

खेकडा घरात पाठमोरा शिरतो. पुढे डोळे, मागे घर. पोवळीनं गुलाबी कडेवर नांग्या टेकवल्या, पोट सांभाळलं आणि मागे सरकली. तोंड ऐसपैस होतं. पहिलं वळण आलं आणि तिचे खुबे दोन्ही बाजूंना घासले. आपण तिरकं शिरलो असू, असं वाटून ती बाहेर आली, सरळ झाली, पुन्हा शिरली. पुन्हा तेच. तिनं अंडी एका बाजूला घेतली, श्वास धरला आणि अंग रेटलं. दुसरं वळण. तिसरं.

तिसऱ्या वळणावर, डाव्या अंगाला, तिच्या शेपटाला एक खरबरीत गाठ लागली.

पोवळी तशीच थांबली. अर्धी आत, अर्धी बाहेर. बाहेरून ते घर चौपट झालं होतं. आतून ते तेवढंच होतं. नाही, तेवढंही नव्हतं, कारण तीच मधल्या काळात वाढली होती.

तिनं डोळे वर करून पाहिलं. ओळीतला प्रत्येक खेकडा आपल्या घराच्या दाराशी होता. कोणी छातीपर्यंत आत, कोणी कमरेपर्यंत. सगळ्यांच्या तोंडावर हसू, आणि एकही जण पुरता आत गेलेला नाही.

शेजारच्या दारातून गोजरीनं विचारलं, "कसं आहे गं?"

"तुझं कसं आहे?"

"प्रशस्त आहे," गोजरी म्हणाली.

"प्रशस्त आहे," पलीकडचा म्हणाला. मग त्याच्या पलीकडचा. तो शब्द ओळीतून शेवटपर्यंत गेला.

दोन दिवस पोवळी दारातच उभी होती. घर ओढून सावलीत न्यावं म्हटलं तर ते हलेना. चुन्याचा थर इतका जाड, की दहा जणांनीही ढकलून उपयोग नव्हता. माथ्यावर ऊन होतं आणि पोटाशी अंडी. तिसऱ्या दिवशी तिनं गोजरीला हळूच सांगितलं, "हे माझंच जुनं घर आहे. वरून फक्त लिंपलंय. मला गाठ लागली."

गोजरीनं आधी कोणी ऐकत नाही ना ते पाहिलं. तिला नवल वाटलं नाही, तेव्हाच पोवळीला कळलं की तिच्या घराचंही तेच आहे.

"बोलू नकोस कुठे," गोजरी म्हणाली. "झाकली मूठ सव्वा लाखाची. पलीकडच्या किनाऱ्यावरून लोक घरं पाहायला येणार आहेत म्हणे. त्यांनी तोंड मापून ही घरं घेतली की काम झालं. तू बोललीस तर सगळ्यांच्याच घराची माती होईल. आठ पुनवा काढल्यात गं मी त्या करवंटीत. आता पदरी पडलं ते पवित्र म्हणायचं."

"आणि माझी अंडी?"

गोजरीनं मान फिरवली. तिचे डोळे भरले होते, पण दार सोडून ती पुढे आली नाही.

त्या दुपारी पोवळीनं आपलं घर सोडलं. उघड्या अंगानं, पोट वाळूला घासत, ओहोटीच्या रेषेपर्यंत गेली. भिवातात्या आपल्या जागी बसला होता, चार पावलं बाजूला, जिथे ती त्याला सोडून गेली होती. आठ पुनवांत कोणी त्याच्याशी बोललं नव्हतं. पोवळीला वाटलं, आधी क्षमा मागावी. पण तोंडून आलं ते इतकंच, "तात्या, गाठ तशीच आहे."

तात्यानं तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या पोटाकडे. अंड्यांचा रंग उतरायला लागला होता.

तो काही विचारत बसला नाही. त्या काळ्या शंखातून तो हळूहळू बाहेर आला. म्हातारं अंग, सुरकुतलेलं, कित्येक वर्षांत ऊन न पाहिलेलं. बाहेर येऊन तो शंखापाशी उभा राहिला. हात न लावता, जसं रीतीप्रमाणे उभं राहायचं असतं तसं.

"शिर," तो म्हणाला.

"तात्या, मी त्या दिवशी तुम्हाला नको ते बोलले."

"ते आतून बोल. आधी शिर."

पोवळी पाठमोरी आत गेली. एक वळण, दोन वळणं, तीन, चार. कुठे काही लागलं नाही. आतला गारवा पोटाला लागला आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिनं अंग सैल सोडलं. ती रडली. बाहेर तात्या तिची टाकलेली करवंटी शोधून आणत होता. अर्धं अंग तिच्यात घालून तो दोन दगडांच्या मध्ये नीट अडकून बसला आणि म्हणाला, "मला एवढं पुरतं आता."

पुनवेला भर दुपारी उधाण आलं. पाणी चढत चढत पांढऱ्या शंखांच्या ओळीपर्यंत पोचलं. पोवळी पाण्याच्या कडेला गेली, शंखातून अर्धी बाहेर आली आणि अंग झटकलं. अंडी पाण्यावर पडली आणि पडता पडता फुटली. लाखो बारीक डोळे क्षणभर फेसात चमकले आणि लाटेबरोबर आत गेले. तिनं मोजले नाहीत. ती नुसती बघत राहिली.

त्याच्या मागची लाट मोठी होती. तिनं ओळीतला एकच शंख उचलला, जो रिकामा होता तो. बाकीच्यांचे मालक नांग्या रोवून दाराशी उभे होते. पोवळीचं पांढरं घर गडगडत गेलं, खडपावर आपटलं, आणि चुन्याचं टरफल मधोमध उलून दोन्ही बाजूंना पडलं. त्यातून एक तपकिरी, बसका शंख घरंगळत बाहेर आला. हलका होता, म्हणून ओसरत्या पाण्याबरोबर सरकत सरकत आला आणि गोजरीच्या दारासमोर थांबला. त्याच्या पाठीवरचा गुळगुळीत डाग वर आला होता. ओला, चकचकीत. गोजरीच्या नांगीएवढा.

तात्यानं तो पाहिला. दोन दगडांच्या मधून तो उठला, करवंटी सावरत वाळूवर आला, आणि कित्येक महिन्यांनी त्यानं आपल्या जुन्या आवाजात हाक दिली.

"सरका."

हाक ओळीच्या शेवटापर्यंत ऐकू गेली. पोवळीनं काळ्या शंखाची पाठ ओळीकडे केली, मागच्यानं नांगी टेकायला यावं म्हणून. तपकिरी शंख गोजरीच्या मापाचा होता. तिच्या मागच्याला तिचा, त्याच्या मागच्याला त्याचा.

गोजरीनं शंखाकडे पाहिलं. त्या डागाकडे बराच वेळ पाहिलं. तिची नांगी आपोआप पुढे आली आणि टिचकी मारायला उघडली. मग तिनं ओळीत दोन्हीकडे नजर टाकली. सगळे आपापल्या दारात उभे होते आणि तिच्याकडेच बघत होते. तिनं नांगी मागे घेतली, आणि लाटेनं आपल्या घराच्या गुलाबी कडेवर वाळू उडवली होती, ती पुसायला घेतली.